एकवीस गिअर, एक चढ

सोसायटीच्या आवारात नवी सायकल आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘‘किती गिअरची?’’ ब्रेक कसे लागतात, सीटची उंची मुलाला बरोबर आहे का, हे प्रश्न नंतर. पुष्कळदा येतच नाहीत. उत्तर ‘एकवीस’ आले की विचारणाऱ्याची मान आदराने हलते. ‘सात’ आले तर नुसते ‘अच्छा’. आणि ‘गिअर नाहीत’ असे आले, तर दहावीच्या मार्कांच्या चौकशीला ‘पास झालो’ एवढेच उत्तर देणाऱ्या मुलाकडे जसे पाहतात, तसे त्या पोराकडे पाहिले जाते. दुकानातही तेच. बाप सायकल उचलून वजन बघत नाही, चाक फिरवून बघत नाही. हँडलवरच्या खटक्यावर आकडे किती आहेत ते बघतो.

अशा या काळात रविवारी सकाळी पुण्याच्या टेकड्यांवर, वेताळ टेकडीच्या बाजूला, एखादा विचित्र प्राणी दिसतो. सायकल उत्तम. जाड, दातेरी टायर, डिस्क ब्रेक, हलकी फ्रेम. किंमत विचारू नये अशी. आणि मागच्या चाकाला दातेरी चक्र एकच! गिअर मोडलेले नाहीत, मुळात लावलेलेच नाहीत. इंग्रजीत या प्रकाराला ‘सिंगलस्पीड’ म्हणतात आणि जगभर त्याचे वेडे आहेत. ‘‘एवढे पैसे मोजले आणि गिअर घ्यायचे राहिले वाटतं?’’ हा विनोद या मंडळींना चढाच्या प्रत्येक वळणावर ऐकावा लागतो. प्रस्तुत लेखकही ऐकतो, म्हणून हा लेख पूर्ण निःपक्षपाती नाही हे आधीच सांगून टाकलेले बरे.

माझे म्हणणे असे, की डोंगरातल्या मातीच्या वाटेवर हौसेने सायकल चालवणाऱ्याला एकाच गिअरमध्ये जे मिळते ते एकवीसमध्ये मिळत नाही. आणि घरातल्या पोराच्या पहिल्या दणकट सायकलीसाठीसुद्धा गिअर नसलेली सायकल ही कमीपणाची निवड नाही. मात्र हे सगळ्यांना लागू नाही. कोणाला नाही, तेही पुढे सांगतो.

आधी थोडे गणित. घाबरू नका, शाळेतल्या त्रैराशिकापलीकडचे नाही. पुढच्या चक्राला ४४ दात आणि मागच्याला १८ असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते. जुन्या २८ इंची काळ्या सायकलीचे चाक एका फेऱ्यात सव्वादोन मीटरच्या आसपास जमीन कापते. म्हणजे एका पायडलला सुमारे साडेपाच मीटर. सपाट रस्त्याला झकास, पण टेकडीवर गुडघ्यांचे हाल. म्हणून डोंगरी सिंगलस्पीडला, चाक २६ इंची असेल तर, पुढे ३२ आणि मागे १८ अशी काहीतरी जोडी लावतात. एका पायडलला पावणेचार मीटरही नाहीत. मिनिटाला ८० फेरे मारले तर वेग पडतो ताशी साधारण अठरा किलोमीटर. चढाला जरा जड, सपाटीला जरा हलका, असा हा मधला मार्ग.

आता एकवीस गिअर. पुढे तीन चक्रे, मागे सात. तीन साते एकवीस. पण पुढे २८, ३८, ४८ आणि मागे १४ पासून २८ पर्यंत दात असलेली नेहमीची सायकल घ्या आणि कागदावर भागाकार करून पाहा. पुढे २८ व मागे १४ याचे उत्तर दोन. पुढे ४८ व मागे २४ याचेही उत्तर दोनच! पुढे ३८ व मागे १८ याचे उत्तर दोनला लागूनच. अशा एकमेकींच्या अंगावर पडणाऱ्या जोड्या बाजूला केल्या, आणि चेन फार तिरकी होते म्हणून वापरू नयेत अशाही काढल्या, की एकवीसचा रुबाब बराच उतरतो. खुद्द कारखानदारांनीच हे मान्य केले आहे म्हणा ना. २०१२ साली स्राम या अमेरिकी कंपनीने डोंगरी सायकलींसाठी पुढे एकच चक्र आणि मागे अकरा अशी रचना आणली, २०१६ साली ती बारावर गेली. आज जगातल्या उत्तमोत्तम डोंगरी सायकलींना गिअर असतात बारा. एकवीस, चोवीस, सत्तावीस हे आकडे वरच्या वर्गातून केव्हाच नापास होऊन गेले. आपल्याकडे सोसायटीच्या फाटकाशी मात्र ते अजून मान मिळवून आहेत.

पण बारा झाले तरी ते बाराच आहेत, एक नव्हे. तेव्हा एकाची बाजू इतिहासात कुठे उभी आहे ते पाहू.

फ्रान्समध्ये १९०३ साली ‘टूर द फ्रान्स’ ही शर्यत सुरू करणारा आंरी देग्रांज हा संपादक गिअरचा कट्टर वैरी होता. गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी ठीक, तरण्या माणसाने स्नायूंच्या जोरावरच जिंकावे, असे त्याचे मत. मत कसले, हट्टच. त्या काळात शर्यतपटूंच्या मागच्या चाकाला दोन बाजूंना दोन चक्रे असत. चढ आला की खाली उतरायचे, चाक काढायचे, उलटे करून बसवायचे आणि पुन्हा टांग मारायची. आल्प्सच्या थंडीत बोटे बधिर झालेली असताना चाकाचे नट सोडवायचे, ही कल्पनाच करवत नाही. चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारी डिरेलरची यंत्रणा या शर्यतीत मंजूर झाली ती १९३७ साली, देग्रांजच्या हातून सूत्रे गेल्यानंतर.

त्याच फ्रान्समध्ये सेंत-एतिएन गावी पॉल द विव्ही नावाचा गृहस्थ ‘ल सिक्लिस्त’ हे मासिक चालवत होता. ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने तो लिही. बदलत्या गिअरचा तो पुरस्कर्ता. त्याचे म्हणणे साधे होते, की सायकल ही काही केवळ पैलवानांची मिरास नव्हे. प्रौढ माणसाला, स्त्रियांना, पोटापाण्याच्या उद्योगातून वेळ काढून भटकणाऱ्याला डोंगर पाहायचा असेल तर गिअर हवेत. या वादात माझे मन, सिंगलस्पीडवर बसूनही, व्हेलोसिओकडेच झुकते. देग्रांजला दुसऱ्यांच्या पायांना कष्ट द्यायचे होते. स्वतःच्या आनंदासाठी एक गिअर निवडणे ही अगदी निराळी गोष्ट आहे.

आता डोंगरी सायकलीची जन्मकथा. ती घडली अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, गोल्डन गेट पूल ओलांडून गेल्यावर लागणाऱ्या मरीन परगण्यात. १९७० नंतरच्या दशकात तिथल्या काही तरुणांनी १९३०-४० च्या सुमाराच्या श्विन कंपनीच्या जाड टायरच्या, वजनदार जुन्या सायकली अडगळीतून बाहेर काढल्या. गिअर नाहीत, आणि ब्रेक म्हणजे पायडल उलटे दाबले की मागच्या हबमध्ये लागणारा. या ‘क्लंकर’ सायकली घेऊन ते तमालपैस डोंगराच्या परिसरातल्या मातीच्या उतारांवरून सुसाट खाली येत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळच्या एका उतारावर त्यांनी वेळ लावून पहिली शर्यत केली. त्या उताराचे नाव पडले ‘रीपॅक’. का? तर खाली पोचेपर्यंत मागचा ब्रेक इतका तापे, की हबमधले ग्रीस जळून धूर निघे. पुन्हा वर जाण्याआधी हब उघडून ग्रीस भरावे लागे. आपल्या सायकलवाल्यांच्या भाषेत, दर फेरीला ‘ओव्हरऑइलिंग’!

म्हणजे डोंगरी सायकल जन्मली ती बिनगिअरची. सिंगलस्पीडवाले ही कथा मोठ्या अभिमानाने सांगतात. कथेचा दुसरा भाग मात्र ते गाळतात. हे तरुण खाली येत होते सायकलवर; वर जाताना सायकल ढकलत किंवा कोणाच्या तरी गाडीत टाकून नेत. सायकल चालवत वर जाता यावे म्हणूनच गॅरी फिशर आदी मंडळींनी त्या धुडांवर गिअर चढवले. पुढे जो ब्रीझने १९७७ साली खास या कामासाठी फ्रेम बांधली आणि १९८१ साली ‘स्पेशलाइज्ड’ कंपनीची ‘स्टम्पजम्पर’ पंधरा गिअरसह बाजारात आली. गिअर नसते तर हा खेळ त्या एका डोंगराच्या उतारावरच राहिला असता. तेव्हा जन्मकथेच्या जोरावर एक गिअर श्रेष्ठ ठरवू नये. त्याचे समर्थन आजच्या चढावर करता आले तर करावे.

तर चला चढावर. गिअरवाला चढाच्या पायथ्याशी येतो, खटका दाबतो, पायडल हलके होते आणि तो त्याच लयीत, हळूहळू, बसल्या बसल्या वर जातो. चढ जेवढा उंच आहे तेवढाच राहतो. उंचीवर नेण्याचे काम काही कमी होत नाही, फक्त ते जास्त फेऱ्यांत वाटले जाते. ही मोठी सोय आहे, यात वादच नाही. सिंगलस्पीडवाल्याला ही सोय नाही. पायडल मिनिटाला चाळीसच्या खाली गेले की जोर देणे आणि तोल सांभाळणे दोन्ही अवघड होते. मघाच्या हिशेबाने चाळीस फेरे म्हणजे ताशी जेमतेम नऊ किलोमीटर. मातीच्या चढावर हा वेग काही कमी नव्हे! म्हणजे त्याला हळू जाण्याची मुभाच नाही. जोरात जा, नाहीतर उतर. सिंगलस्पीडलाही तीन गिअर असतात, असे ही मंडळी गमतीने म्हणतात: बसून, उभे राहून आणि चालत.

या सक्तीतून एक गोष्ट घडते. नजर बदलते. पन्नास पावलांवरचा चढ आत्ताच दिसू लागतो, कारण त्याची तयारी इथे करायची असते. उतारावर मिळालेला वेग ब्रेक दाबून उधळायचा नाही, तो पुढच्या चढाच्या पोटात घेऊन जायचा. वळणावर ब्रेक उशिरा आणि थोडा. दगड कुठून चुकवला तर गती कमी मोडेल. पावसाळ्यानंतर वाटेला पडलेली घळ डावीकडून घ्यावी की उजवीकडून. गिअर असताना चुकीची वाट घेतली तरी खटका दाबून भागते, त्यामुळे वाटेकडे इतके पाहण्याची गरज पडत नाही. चढावर उभे राहून हँडल ओढताना हात, पाठ, पोट सगळे कामाला लागते. आणि आवाज नाही. गिअरच्या सायकलीचा चेनचा खळखळाट, चक्र बदलतानाचा कडकडाट यातले काही नाही. चेन सरळ रेषेत, एका चक्रावरून दुसऱ्यावर. सकाळी टेकडीवर मोर ओरडला तर ऐकू येतो.

चिखलाचेही तसेच. आपल्या जांभ्याच्या आणि काळ्या मातीच्या मुलखात जून ते सप्टेंबर डिरेलरची काय दशा होते ते विचारू नका. लगदा त्या दोन चिमुकल्या चाकांत जाऊन बसतो, चेन उड्या मारते, आणि सायकल उजव्या कुशीवर पडली की डिरेलर टांगलेला तो ‘हँगर’ वाकतो. मग वाकलेल्या हँगरनिशी गिअर बदलताना अख्खा डिरेलर मागच्या आऱ्यांत गुंतून चाकाचा सत्यानाश, हा प्रकार पुण्यातल्या कोणत्याही सायकल दुरुस्तीवाल्याने पाहिलेला आहे. एका चक्राला वाकण्यासारखे काही नसते.

हे झाले कौतुक. आता दुसरी बाजू, आणि ती लहान नाही.

सपाट डांबरी रस्त्यावर एकच गिअर वैताग आणतो. पाय गरगर फिरतात आणि सायकल पुढे सरकत नाही. बरोबरचे गिअरवाले गप्पा मारत निघून जातात. कर्वे रस्त्यावरून टेकडीपर्यंत जायलाच मला टेकडी चढण्याइतका कंटाळा येतो. लांबचा प्रवास, पाठीवर वा कॅरिअरवर ओझे, घाटाची लांबलचक चढण, इथे गिअरच हवेत. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट पहिल्यांदा चढून ‘घाटाचा राजा’ होणारा स्पर्धक गिअरवरच होतो आणि ते योग्यच आहे. १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये डोंगरी सायकलींची शर्यत आली. अशा शर्यतींत वेळेला किंमत असते आणि वेळ गिअरनेच वाचतो. आणि गुडघे! ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी जड पायडलवर उभे राहण्याचा हट्ट करू नये. तिथे व्हेलोसिओचे ऐकावे. तो स्वतः सत्तरी ओलांडूनही सायकलीवर होता.

पण मला खरी टोचणारी गोष्ट वेगळीच आहे. पहाटे टेकडीवरून खाली येताना रस्त्यावर बांधकामावर निघालेला गवंडी भेटतो, रात्रपाळी संपवून घरी चाललेला वॉचमन भेटतो. मुंबईत डबेवाले भेटतात. या सगळ्यांच्या सायकलीला एकच गिअर आहे. तिला ते सिंगलस्पीड म्हणत नाहीत, सायकल म्हणतात. त्यांनी एक गिअर निवडलेला नाही; परवडणारी, ओझे पेलणारी, कोपऱ्यावरच्या दुकानात दुरुस्त होणारी सायकल त्यांनी घेतली आणि तिला एकच गिअर होता, इतकेच. आमच्यासारख्याने लाखभराच्या सायकलीवरचे गिअर काढून टाकायचे आणि वर साधेपणाच्या गोष्टी सांगायच्या, यात एक प्रकारचा उद्धटपणा आहे. उपवास एकादशीचा असतो तेव्हा साबुदाण्याची खिचडी असते; घरात धान्य नसते त्या उपाशीपणाला उपवास म्हणत नाहीत.

म्हणून सिंगलस्पीडला मी तत्त्वज्ञान मानायला तयार नाही. परदेशातल्या या पंथाने ते एका अर्थी फार चांगले ओळखले आहे. त्यांची एक जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरते. २००७ साली ती स्कॉटलंडमध्ये अॅव्हिमोरला झाली, २०१० साली न्यूझीलंडमध्ये रोटोरुआला. निम्मे लोक चित्रविचित्र पोशाख घालून येतात आणि विजेत्याला बक्षीस म्हणून अंगावर गोंदवून घ्यावे लागते. जिंकणाऱ्यालाच शिक्षा! स्वतःला फार गंभीरपणे न घेणारा खेळ म्हणून तो मला आवडतो. गवंड्याच्या सायकलीला मात्र उद्या कोणी स्वस्त, टिकाऊ तीन गिअरचे हब बसवून दिले, तर मी टाळ्या वाजवीन. असे बंदिस्त हब इंग्लंडात १९०२ सालापासून माहीत आहे. आपल्या साध्या सायकलीपर्यंत ते का पोचले नाही, हा खरे तर मोठ्या लेखाचा विषय आहे.

असो. घरात सायकल घ्यायची आहे, पोरगा आठवी-नववीत आहे आणि त्याला ‘एमटीबी’च हवी आहे, त्या आईबापांनी काय करावे? माझे मत स्पष्ट आहे. बेताच्या किमतीच्या सायकलीत एकवीस गिअर, पुढे स्प्रिंगचा फोर्क, मागेही स्प्रिंग आणि वर डिस्क ब्रेक असे सगळे बसवले असेल, तर यातली कोणती तरी गोष्ट, बहुधा प्रत्येक गोष्ट, हलक्या प्रतीची असणार. किंमत तेवढीच आहे, ती वाटली गेली. अशी सायकल सोळा-अठरा किलोंची होते आणि तिचे गिअर सहा महिन्यांत आपल्या मनाने बदलू लागतात. आमच्या भागातल्या एका जुन्या सायकलवाल्याने हे दोन वाक्यांत सांगितले, ‘‘काका, गिअर असतात एकवीस. पोरं चालवतात एकावरच.’’ तेवढ्याच पैशात गिअर नसलेली सायकल घेतली तर बरे ब्रेक, बरे टायर आणि कमी वजन मिळण्याची शक्यता जास्त. आपल्या कंपन्या जाड टायरच्या अशा सायकली बनवतात. दुकानदार त्या मागच्या रांगेत ठेवतो, एवढेच. मुलाला घेऊन जावे, दोन्ही सायकली उचलून पाहायला सांगावे. मुलगा घाटाच्या गावात राहत असेल, रोज शाळेला मोठा चढ असेल, तर बेशक गिअर घ्यावेत. पण मागे सात आणि पुढे एक पुरे.

आणि घरात गिअर बिघडलेली सायकल धूळ खात उभी असेल, तर भंगारात काढण्याआधी तिचे दोन्ही डिरेलर, खटके आणि केबल उतरवून, मागे एकच फ्रीव्हील बसवून पाहावी. चेन नवीच घ्यावी आणि योग्य लांबीला तोडून घ्यावी. जुनी झिजलेली चेन नव्या दातांवरून सटकते, आणि उभे राहून जोर देताना ती सटकली तर हनुवटी थेट हँडलवर. मागचे चाक ज्या खाचेत बसते ती आडवी असेल तर चाक मागे ओढून चेन ताणता येते. खाच उभी असेल तर चेन ताणणारी छोटी चक्री लावून घ्यावी लागते. काम अर्ध्या दिवसाचे. मागे किती दातांचे फ्रीव्हील घ्यावे यावर मात्र एकमत नाही. मी म्हणतो अठरा. माझ्याबरोबर टेकडीवर येणारे एक निवृत्त प्राध्यापक म्हणतात वीस, आणि चढावर ते माझ्या पुढे असतात.